बिननोंदीचे प्रयोग

गणपतीच्या आधी आमच्या तालुक्याच्या गावात एक सभा झाली. जवळच्या एका रुग्णालयात मधुमेहाच्या औषधाची ट्रायल सुरू होणार आणि त्यासाठी पंचक्रोशीतले शुगरचे पेशंट नोंदवून घेणार, अशी बातमी पसरली होती. दीडएकशे माणसं जमली. पहिलाच माणूस उठला आणि म्हणाला, "आमी काय उंदीर आसंव?" टाळ्या पडल्या. त्याला उत्तर द्यायला मुंबईहून सुट्टीवर आलेला एक तरुण उभा राहिला. जग कुठल्या कुठे गेलं आणि आपण अजून विज्ञानाला घाबरतोय, हा अडाणीपणा सोडा, असं तो म्हणाला. त्यालाही टाळ्या पडल्या, थोड्या कमी. पुढे दोन तास हीच दोन वाक्यं उलटसुलट फिरत राहिली. औषध कोणतं, गोळी की इंजेक्शन, किती महिने, कुणाला घेणार, त्रास झाला तर बघणार कोण, यातला एकही प्रश्न दोन्ही बाजूंपैकी कुणी विचारला नाही. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होते आणि मला मनापासून वाईट वाटत होतं, कारण त्या सभागृहातल्या निम्म्या घरांत तरी शुगरची किंवा बीपीची गोळी रोज घेतली जाते.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते. कोकणातल्या जुनाट आजाराच्या माणसावर आजही रोज प्रयोग चालू आहे. त्याची नोंद कुणी ठेवत नाही, त्याला कुणी संमती विचारत नाही, आणि त्यातून पुढच्या माणसाच्या पदरात काही पडत नाही, एवढंच. ट्रायल म्हणजे तोच प्रयोग, पण आधी विचारून, लिहून ठेवून आणि जबाबदारी कुणाच्या तरी नावावर टाकून केलेला. त्यामुळे ती गावाबाहेर हाकलण्यात आपलं हित नाही. ती आपल्या अटींवर आणि आपल्या प्रश्नांवर मागून घेण्यात आहे.

रोजचा प्रयोग म्हणजे काय, ते माझ्या आत्याच्या बिस्किटांच्या डब्यात बघायला मिळतं. तिला शुगर होऊन चौदा वर्षं झाली. डब्यात इथल्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांची पट्टी, मुलाने मुंबईहून पाठवलेली दुसऱ्या कंपनीची पट्टी (आत औषध तेच, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं), शेजारणीने 'मला लागू पडली' म्हणून दिलेली अर्धी पट्टी, आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेले सप्तरंगी या रानवेलीच्या मुळीचे तांबूस तुकडे. दोन वर्षांपूर्वी तिने गोळ्या बंद केल्या आणि आठ महिने नुसता सप्तरंगीचा काढा घेतला. "बरा वाटता," असं ती फोनवर सांगायची. काजूच्या बागेत पायाला काटा लागला, जखम भरेना, शेवटी पायाचं एक बोट काढावं लागलं. आता यात दोष काढ्याचा, की गोळ्या सोडल्याचा? की काढ्याने थोडा गुण होता, पण एकटा पुरला नाही? कुणालाच सांगता येणार नाही. त्या आठ महिन्यांत शुगर किती होती, काढा किती, भात किती, कशाचीच नोंद नाही. एका बाईने आपलं बोट दिलं आणि त्यातून जगाला काडीचंही ज्ञान मिळालं नाही. यापेक्षा वाईट प्रयोग कुठला?

तोच प्रश्न नीट विचारला तर काय होतं, तेही बघू. सप्तरंगीच्या कुळातल्या एका वेलीचा चहा श्रीलंकेत मधुमेहावर पिढ्यान्‌पिढ्या पितात. तिथल्या संशोधकांनी ५१ रुग्णांना काही महिने तो खरा चहा आणि काही महिने तसाच दिसणारा साधा चहा दिला. कुठला खरा, ते पिणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं आणि तपासणाऱ्यालाही. २००५ मध्ये निष्कर्ष आले. खऱ्या चहाच्या काळात रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी थोडी खाली होती. थोडीच, पण मोजून. आंध्रच्या श्रीकाकुलममध्ये कच्च्या फणसाच्या पिठाची अशीच चाचणी झाली. ४० रुग्ण, १२ आठवडे, रोजच्या जेवणातलं ३० ग्रॅम तांदळाचं किंवा गव्हाचं पीठ काढून तिथे फणसाचं. २०२१ मध्ये ती छापून आली आणि फणसाच्या गटाची सरासरी खाली आली होती. चाळीस माणसं आणि बारा आठवडे म्हणजे शेवटचा शब्द नव्हे, आणि या दोन्ही चाचण्या वाचून कुणी आपल्या गोळ्या बंद करू नयेत, हे मी हात जोडून सांगते. पण फणस परसात आपल्या, सप्तरंगी देवराईत आपली, आणि त्यांचं मोजमाप इतरांनी करावं? मोबाईलवर 'फणस खा, शुगर पळवा' असे निरोप मात्र आपण दिवसाला चार पुढे पाठवतो.

"अनुभव पुरेसा आहे, ट्रायल कशाला?" असं सभेत एका वयस्कर वैद्यांनी विचारलं. हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. कोकणाला आयुष्यभराचं ऋण ज्यांचं आहे असे डॉक्टर हिंमतराव बावस्कर अनुभवातूनच घडले. रायगड जिल्ह्यात महाडच्या परिसरात तांबड्या विंचवाच्या दंशाने लहान मुलं डोळ्यांदेखत जात होती. त्यांनी एकेका पेशंटच्या उशाशी रात्र रात्र बसून लक्षणं टिपली, विष हृदयावर कसं चालतं ते ओळखलं, आणि रक्तदाबासाठी वापरलं जाणारं प्राझोसिन त्यावर वापरून दाखवलं. जगाने ते मान्य केलं, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. पण इथेच एक गोष्ट आपण विसरतो. एवढं नाव झाल्यावरही आपला अनुभव शेवटचा असं त्यांनी मानलं नाही. प्राझोसिन एकटं चांगलं, की जोडीला विंचवाचं प्रतिविष दिलं तर अधिक चांगलं, हा प्रश्न त्यांनी आणि डॉक्टर प्रमोदिनी बावस्करांनी महाडातच चाचणीला लावला. ७० रुग्ण, ३५-३५ चे दोन गट, कुणाला काय द्यायचं ते आधी ठरलेल्या क्रमाने. दहा तासांनी नुसत्या प्राझोसिनच्या गटात ३५ पैकी ८ जण पूर्ण बरे होते, आणि दोन्ही औषधं मिळालेल्यांत ३२. २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने ती चाचणी छापली. ज्या औषधाने आपल्याला ओळख दिली, ते एकटं अपुरं पडतं हे स्वतःच मोजून जाहीर करायचं, याला मोठं मन लागतं.

आणि विंचवाचं तर दहा तासांत कळतं. मधुमेहाचं, रक्तदाबाचं, दम्याचं, संधिवाताचं दहा-वीस वर्षांत कळतं. अनुभव अशा ठिकाणी सर्वांत जास्त फसवतो. आज गोळी घेतली आणि डोळे वीस वर्षांनी गेले किंवा वाचले, तर त्या दोन गोष्टींची सांगड डोक्यात कोण घालणार? जुनाट आजार मधूनमधून आपणच वर-खाली होतात, गुडघा पावसात दुखतो आणि थंडी सरली की कमी होतो, आणि श्रेय त्या महिन्यात जे लावलं त्या तेलाला मिळतं. डॉक्टरसुद्धा यातून सुटलेले नाहीत. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांचे ठोके चुकत असतील तर ते सरळ करणारी औषधं ऐंशीच्या दशकात सर्रास दिली जायची. आलेखावर ठोके सुधारलेले दिसायचे, पेशंट समाधानी, डॉक्टर समाधानी. अमेरिकेत चाचणी घेतली तेव्हा १९८९ मध्ये समोर आलं की त्यातली दोन औषधं घेणाऱ्यांत मृत्यू बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांपेक्षा दुपटीहून अधिक होते. किती डॉक्टरांच्या किती वर्षांच्या चांगल्या अनुभवातून हे कळलं असतं? कधीच कळलं नसतं. मेलेला हृदयविकारानेच मेला असं सगळ्यांनी धरलं असतं.

उलट बाजूनेही तेच. शुगर ताब्यात ठेवून खरंच काही टळतं का, याचं पक्कं उत्तर टाइप दोनच्या मधुमेहात फार उशिरापर्यंत नव्हतं. ब्रिटनमध्ये १९७७ साली एक अभ्यास सुरू झाला, ५,१०२ नव्या रुग्णांचा. तो वीस वर्षं चालला. १९९८ मध्ये निष्कर्ष आले: शुगर घट्ट ताब्यात ठेवली तर डोळे, मूत्रपिंड अशा बारीक रक्तवाहिन्यांच्या जागचे बिघाड पावपट कमी होतात, आणि सोबत बीपी आवरलं तर पक्षाघातही पुष्कळ टळतात. आज कणकवलीतला डॉक्टर 'शुगर सांभाळा, बीपी सांभाळा' असं बजावतो ते या पाच हजार माणसांच्या जोरावर. त्यांच्यातल्या कित्येकांना स्वतःला विशेष लाभ झालाही नसेल. त्यांनी दर काही महिन्यांनी रक्त दिलं, तपासण्या करून घेतल्या, आणि आपल्या आत्या-काकांसाठी रस्ता आखून ठेवला.

या कामात आपण नेहमीच घेणारे नव्हतो. मुंबईत डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेची मुळी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर वापरून १९४९ मध्ये निष्कर्ष छापले, आणि जगाला रक्तदाबाच्या पहिल्या प्रभावी औषधांपैकी एक मिळालं. सर्पगंधा आपल्या वैद्यांना शतकानुशतकं माहीत होती. जग हललं ते कुणीतरी पन्नास माणसांचे आकडे मांडले तेव्हा. आजच्या कसोटीवर ती चाचणी अपुरी ठरेल, तिला तुलनेचा गट नव्हता. त्याच औषधाने काहींचं मन खचतं, तीव्र नैराश्य येतं, हेही पुढच्या वर्षांत नोंदींतूनच उघड झालं. 'झाडपाला आहे, अपाय नाही' या आपल्या लाडक्या वाक्याला इतकं स्पष्ट उत्तर दुसरं नसेल.

आता विरोधकांच्या बाजूचं सर्वांत वजनदार ते घेऊ. गरिबाची संमती खरी असते का? २००९-१० मध्ये आंध्रच्या खम्मम आणि गुजरातच्या बडोदा जिल्ह्यांत हजारो मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस दिली गेली. खम्मममध्ये अनेक आदिवासी मुली वसतिगृहात राहत होत्या आणि आईबापांच्या जागी वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या केल्या. दोन्ही जिल्ह्यांत मिळून सात मुली दगावल्या. चौकशीत त्या मृत्यूंचा संबंध लसीशी जोडला गेला नाही, पण संमतीचा जो खेळखंडोबा झाला त्यावर संसदेच्या समितीने २०१३ मध्ये कडक ताशेरे ओढले. सभेत 'उंदीर' म्हणणाऱ्या माणसाने खम्ममचं नाव घेतलं नाही, पण त्याच्या मनातली भीती तीच होती आणि ती खोटी नाही. तिला अडाणीपणा म्हणणाऱ्या तरुणाने खम्मम वाचावं.

पण तिथे जे बिघडलं ते नेमकं काय? त्या उपक्रमाला करणाऱ्यांनी ट्रायल म्हटलंच नव्हतं. 'प्रात्यक्षिक प्रकल्प' असं नाव दिलं होतं, आणि संसदीय समितीचा एक मोठा आक्षेप हाच होता की ट्रायलचे नियम लागू होऊ नयेत म्हणून हे नाव घेतलं. म्हणजे मुलींना जे संरक्षण मिळायला हवं होतं ते ट्रायलच्या नियमांत होतं, आणि ते नियम टाळले म्हणून ते मिळालं नाही. यातून नियम अधिक घट्ट धरायला हवेत असं निघतं, की नियमबद्ध चाचणीच नको असं?

नियम घट्ट झालेही आहेत, आणि ते कुणी वरून दिलेले नाहीत. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, कोर्टाने सरकारला धारेवर धरलं, आणि आज २०१९ चे नियम आहेत. माहितीपत्रक पेशंटला कळेल त्या भाषेत हवं. वाचता येत नसेल तर ट्रायलशी संबंध नसलेला साक्षीदार हवा. कारण न देता केव्हाही बाहेर पडता येतं, आणि त्यामुळे नेहमीचे उपचार अडवता येत नाहीत. ट्रायलमुळे अपाय झाला तर उपचार मोफत आणि भरपाई द्यावी लागते. ट्रायलला मंजुरी देऊन तिच्यावर लक्ष ठेवणाऱ्या नीतिसमितीत किमान सात माणसं, त्यात एक तरी स्त्री आणि एक तरी वैद्यकाबाहेरचा सामान्य माणूस लागतो. आणि प्रत्येक ट्रायल सरकारी नोंदवहीत आधी नोंदवावी लागते. ती नोंदवही इंटरनेटवर कुणालाही उघडून बघता येते. सभेत दीडशे मोबाईल होते, कुणीही ती उघडून बघितली नाही.

'खोटी गोळी देऊन मारतील' हा धाक मोठा आहे, पण त्याचं उत्तर छोटं आहे. ज्या आजारावर उपचार आहेत तिथे पेशंटच्या चालू गोळ्या सहसा काढून घेत नाहीत. त्या चालूच ठेवून वर एका गटाला नवं औषध आणि दुसऱ्याला तसंच दिसणारं बिनऔषधी देतात, किंवा नव्याची तुलना थेट जुन्या औषधाशी करतात. तसं नसेल तर सही करू नये.

दुसरा आक्षेप मला जास्त अडतो. कंपन्या येतात, आपल्या माणसांवर औषध तपासतात, ते पास झालं की त्याची किंमत आपल्याला झेपत नाही. हे खरं आहे. चाचणीनंतर औषध मिळत राहण्याची तरतूद नियमांत आहे, पण ती फार अरुंद आहे, दुसरा पर्याय नसेल तेव्हापुरतीच. गावाने भांडायचं असेल तर इथे भांडावं. ट्रायल संपल्यावर वर्षभर तरी औषध द्या, तपासण्यांचे कागद पेशंटच्या हातात द्या, निष्कर्ष आमच्या सभागृहात येऊन मराठीत सांगा. कोकणाला प्रकल्पांशी भांडायचा सराव आहे. दाभोळ, जैतापूर, नाणार या नावांनी आपल्याला एकच शिकवलं, की कागद न वाचता दिलेला होकार महाग पडतो. पण कागद न वाचता दिलेला नकार स्वस्त पडतो असं कुणी सांगितलं?

आणि ट्रायल इथेच का, पुण्या-मुंबईत का नको? कारण माणूस बदलला की आकडा बदलतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक गेली कित्येक वर्षं दाखवत आले आहेत की भारतीय माणूस दिसायला सडपातळ असूनही आतून चरबीचा असतो आणि मधुमेह त्याला कमी वयात, कमी वजनात गाठतो. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या माणसांना मेटफॉर्मिन हे मधुमेहाचंच औषध दिलं तर तो टळतो का, हे अमेरिकेने २००२ मध्ये दिवसाला १,७०० मिलिग्रॅम देऊन तपासलं आणि धोका ३१ टक्क्यांनी कमी झाला. चेन्नईच्या डॉक्टर ए. रामचंद्रन यांच्या गटाने ५३१ भारतीयांवर तोच प्रश्न घेतला. त्यांनी दिवसाला अवघं ५०० मिलिग्रॅम दिलं, आणि २००६ च्या निष्कर्षात धोका २६ टक्क्यांनी कमी झालेला दिसला. नुसतं चालणं आणि आहार बदलणं यानेही जवळपास तेवढाच. अमेरिकेचा आकडा तसाच उचलला असता तर आपल्या माणसांच्या पोटात तिप्पट औषध गेलं असतं. मग दोन्ही वेळ भात-मासळी खाणारा, आंब्याच्या हंगामात दोन महिने पथ्य न पाळणारा, चार महिने पावसात चालणंच बंद असलेला मालवणचा माणूस या कुठल्याच आकड्यात नसेल तर त्याचा डोस कोण ठरवणार?

गरिबांवर केलेली चाचणी गरिबांच्याच कामी येते, याचा सर्वांत मोठा पुरावा क्षयाचा आहे. माझ्या आजोळी क्षय झालेल्या गिरणी कामगाराला मुंबईहून घरी आणलं की गोठ्यामागे खोपी बांधून ठेवत, भांडी वेगळी. तेव्हा शास्त्राचंही मत असंच होतं: सॅनेटोरियम, विश्रांती, सकस अन्न. ते देशात कितीजणांना मिळणार होतं? १९५६ मध्ये मद्रासला १९३ गरीब रुग्णांची चाचणी सुरू झाली, अर्ध्यांना सॅनेटोरियममध्ये आणि अर्ध्यांना त्यांच्याच दाटीवाटीच्या घरात सारखी औषधं. वर्षाअखेर दोन्हीकडे बरे होण्याचं प्रमाण जवळपास सारखं निघालं. घरच्यांना अधिक लागण झाली असंही पुढे आढळलं नाही. जगभर क्षयाचा उपचार घरी देण्याची वाट तिथून मोकळी झाली. त्या दिवशी मद्रासच्या वस्तीने 'आम्ही उंदीर नाही' म्हणून दार लावलं असतं, तर आमची खोपी आणखी किती वर्षं उभी राहिली असती?

सभेनंतर चार दिवसांनी मी रुग्णालयातून माहितीपत्रक आणलं. अकरा पानं, मराठीत, काही वाक्यं वकिली. आत्याने चष्मा लावून ती दोन दुपारी वाचली, मधल्या शब्दांखाली पेन्सिलने रेघा ओढल्या. औषध म्हणजे आठवड्याचं इंजेक्शन होतं, थंडाव्यात ठेवायचं. ती स्वतः माझ्यासोबत रुग्णालयात आली आणि समोरच्या तरुण डॉक्टरांना पहिलाच प्रश्न विचारला, "पावसात चार चार दिस लायट नसता. तेवा ह्या इंजेक्शन खय ठेवू?"

डॉक्टर गप्प झाले. मग म्हणाले की हे पत्रकात यायला हवं होतं, समितीपुढे मांडतो, आणि त्यांनी तो प्रश्न वहीत लिहून घेतला. आत्याने त्यांच्याकडून वही मागून घेतली, आपण म्हणालो तसंच लिहिलंय ना ते वाचलं, आणि परत दिली. सही तिने अजून केलेली नाही. उत्तर येऊ दे, मग बघू, म्हणते.